ताप उतरतो, चार दिवसांनी पुन्हा चढतो: खांद्यापुढची गाठ चाचपली का?

तक्रार दरवेळी एकाच साच्याची. गाय चारा सोडते, अंग भाजल्यासारखं तापतं, दूध निम्म्यावर येतं. कुणीतरी येऊन इंजेक्शन करतं. संध्याकाळी गाय रवंथ करायला लागते, घरचे निर्धास्त होतात. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा इंजेक्शन, या खेपेला जरा भारीतलं. पुन्हा उतार, पुन्हा ताप. तिसऱ्या फेरीला डोळ्याची आतली पापणी कागदासारखी पांढरी दिसते आणि मग पिकअपमध्ये घालून जनावर दवाखान्यात येतं.

मृगापासून दिवाळीपर्यंत मराठवाड्यात असं जनावर माझ्यापुढे आलं नाही, असा आठवडा जात नाही. सोबतच्या कागदावर औषधांची नावं असतात, ताप लिहिलेला असतो. लसिका ग्रंथींबद्दल, म्हणजे अंगातला रस गाळणाऱ्या गाठींबद्दल, एक अक्षर नसतं. थर्मामीटर लागतो, शेण-लघवीची चौकशी होते, पण खांद्याच्या पुढं हात जात नाही. या परतून येणाऱ्या तापाचं उत्तर बऱ्याचदा तिथंच, कातडीखाली असतं. नव्याने फिल्डवर आलेले डॉक्टर, पशुधन पर्यवेक्षक आणि दोन-चार गायी सांभाळणारी घरं, तिघांसाठी हे लिहितोय. औषध डॉक्टरनेच द्यायचं. हात मात्र कुणीही फिरवावा.

माझ्या हातून राहिलेली तपासणी

जुलैचा दुसरा आठवडा, परभणी जिल्ह्यात दुधना काठचं गाव. दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, दीड महिन्यापूर्वी घोडेगावच्या बाजारातून आणलेली. ताप १०५ अंश फॅरनहाइट. त्या आठवड्यात आसपासच्या चार गावांत तिवा चालू होता. ही गायही पुढचा उजवा पाय अवघडून टाकत होती. मी तिवा धरला, ताप-वेदनेचं इंजेक्शन दिलं, कॅल्शियम दिलं आणि पुढच्या गावाला गेलो.

तिवा हा तीन दिवसांचा ताप. तो आपला आपण उतरतो आणि श्रेय आपल्या इंजेक्शनला मिळतं. त्यामुळे पावसाळ्यातला पहिला ताप सगळ्यांनाच तिवा वाटतो. चौथ्या दिवशी फोन आला, ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिलं. सातव्या दिवशी गेलो तेव्हा गाय उभी होती, पण मान खाली घालून. मालक बोलत होते, मी पिशवी उघडत होतो, तेवढ्यात घरच्या मावशी म्हणाल्या, "सायेब, हितं खांद्यापशी काय झालंय बगा की. चार-पाच दिस झालं, धुताना हाताला लागायलंय. ह्या अंगाला मोठं हाय, त्या अंगाला बारकं."

हात घातला. उजवीकडची गाठ मोसंबीएवढी, गरम. दाबताच गायीने मान झटकली. डावीकडे लिंबाएवढी. मांडीच्या पुढची गाठ दोरीच्या पिळासारखी ताठ. पाय अवघडण्याचं कारण तिव्यात नव्हतंच, ते त्या उजव्या गाठीत होतं. गाठीतून सुईने पाणी घेतलं, स्लाइड रंगवली आणि लसिका पेशींमध्ये निळसर गोळे दिसले. थायलेरिया. गोचिडीतून येणारा परजीवीचा रोग. त्यावरचं औषध ब्युपारव्हाक्वोन दिलं, गाय वाचली. पण चौदा लिटरची गाय त्या वेतात सहा लिटरच्या वर गेली नाही.

पहिल्या दिवशी ती गाठ एवढी नसेलही. मी चाचपलंच नाही, त्यामुळे ती किती होती हे मला कधीच कळणार नाही. हे मला अजून सलतं. त्या दिवसापासून सुई भरायच्या आधी दोन्ही खांदे चाचपल्याशिवाय मी पुढं जात नाही.

गाठ काय सांगते

पायात काटा मोडला की जांघेत अवधान येतं, हे आपल्याकडे लेकराबाळांनाही ठाऊक असतं. अवधान आलं की आजी जांघ चोळत बसत नाही, आधी तळपाय उलटा करून काटा शोधते. जनावरातही हेच तत्त्व लावायचं.

प्रत्येक लसिका ग्रंथीचं आपलं एक पाणलोट असतं. ओढ्याचं पाणी जसं ठरलेल्या तळ्यात जातं, तसा शरीराच्या ठरलेल्या भागातला लसिकारस ठरलेल्या गाठीतून गाळून पुढं जातो. खांद्यापुढच्या गाठीत मान, खांदा आणि पुढच्या पायाकडचा रस येतो. मांडीपुढच्या गाठीत कुशीकडचा आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूचा. कासेच्या वरच्या गाठीत कासेचा, जबड्याखालच्या गाठीत तोंड-नाकाचा. एकच गाठ एकाच बाजूला सुजली असेल तर तिच्या पाणलोटात जखम, काटा, गळू, फुटलेला सड असं काहीतरी शोधायचं. दोन्ही अंगांच्या, वेगवेगळ्या जागच्या गाठी एकदम मोठ्या झाल्या असतील तर रोग एका जागेचा राहिलेला नाही, सगळ्या अंगात पसरला आहे. उपचाराची दिशा या एका फरकावर ठरते. तो कळायला लागतं एकच मिनिट.

हात कसा घालायचा

नव्या डॉक्टरांची पहिली अडचण असते, "सर, गाठ सापडतच नाही." दुसरी अडचण बरोबर उलटी, "सर, मला प्रत्येक गायीची मोठीच वाटते." दोन्हीचं मूळ एक आहे: निरोगी गाठ हाताला माहीत नाही. म्हणून सुरुवात आजारी जनावरापासून करू नका. गाभण तपासायला, लसीकरणाला, कृत्रिम रेतनाला जिथं जाल तिथं धडधाकट गायीचा खांदा चाचपून घ्या. शंभर निरोगी गाठी हाताखालून गेल्या की एकशे एकावी सुजलेली गाठ शोधावी लागत नाही.

जनावर खोड्यात असेल तर उत्तम. नसेल तर दावणीला आखूड बांधा आणि म्होरकीला एक माणूस उभा करा. डाव्या खांद्यापाशी उभे राहा. मान ताणलेली असली तर गाठीवरचा स्नायू फळीसारखा ताठ होतो आणि खाली काही कळत नाही. धरणाऱ्याला मान तुमच्याकडे किंचित वळवायला सांगा, स्नायू सैल पडतो. आता खांद्याच्या सांध्याचं पुढं आलेलं हाड शोधा. तिथून चार-सहा बोटं वर, खांद्याच्या पुढच्या कडेला चार बोटं सपाट ठेवा. टोचायचं नाही, सपाटच. बोटं आत दाबून स्नायूच्या मागं न्या आणि हळूच स्वतःकडे, म्हणजे पुढं ओढा. घोंगडीखाली ठेवलेल्या भेंडीवरून हात फिरवावा तशी एक उभी, लांबट, गुळगुळीत वस्तू बोटांखालून निसटेल. तीच ती. मोठ्या गायीत तिची लांबी सात-नऊ सेंटिमीटर आणि जाडी जेमतेम बोटाएवढी असते. ती निसटली पाहिजे, दाबल्यावर गायीने तक्रार करता कामा नये. मग पलीकडे जाऊन तेच करा. दुसरी बाजू न बघता काढलेल्या निष्कर्षावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

मांडीपुढच्या गाठीसाठी कुशीजवळ, शेपटीकडे तोंड करून उभे राहा आणि एक हात पाठीवर ठेवा, म्हणजे लाथ यायच्या आधी अंगाची हालचाल कळते. कुशीची कातडी मांडीला मिळते त्या घडीत, मागच्या पायाच्या वरच्या सांध्याच्या थोडं वर, बोटं मागंपुढं सरकवा. मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कडेला ही गाठ उभी असते आणि जाड सुतळीसारखी बोटांखालून फिरते. म्हशीत कातडी जाड, त्यामुळे जरा जोर लागतो, पण जागा तीच.

कासेच्या गाठी मागून बघायच्या, धार काढल्यावर. कासेचा मागचा वरचा भाग दोन्ही मांड्यांमध्ये जिथं अंगाला चिकटतो तिथं हात वर सरकवून कास मुठीत घेतल्यासारखी धरा आणि सोडत खाली या. दुधाच्या मऊ मांसात एक घट्ट चपटी गाठ हातातून सुटते. दुभत्या गायीत ती तशीही बऱ्यापैकी मोठी असते, म्हणून इथं आकारापेक्षा डावी-उजवी तुलना जास्त उपयोगी. एका बाजूची मोठी आणि दुखरी वाटली तर त्या बाजूच्या दोन्ही सडांची धार काळ्या कपड्यावर काढून बघा. छुपा दगडी रोग (कासदाह) मला असा कित्येकदा सापडलाय.

जबड्याखाली गोंधळ होतो तो लाळग्रंथीचा. गायीची जबड्याखालची लाळग्रंथी चांगली मोठी असते. तिचं खालचं गोल टोक दोन्ही जबड्यांच्या मधल्या जागेत हाताला लागतं आणि नवखा माणूस तिलाच सुजलेली गाठ समजतो. लाळग्रंथी दाणेदार लागते, खरी लसिका ग्रंथी घट्ट, गुळगुळीत आणि सुटी. घशामागच्या गाठी निरोगी गायीत हाताला लागतच नाहीत. लागल्या, तर तीच मोठी नोंद. गुडघ्यामागची गाठ कुत्र्यात सहज मिळते, गायीत ती मांसात दडलेली असते, तिच्या नादी लागू नका.

प्रत्येक गाठीपाशी आकार, कठीणपणा, उष्णता, दुखणं आणि सरकणं एवढं बघायचं आणि लिहून ठेवायचं. 'गाठी वाढल्या' एवढंच लिहिलेलं चार दिवसांनी कुणाच्या कामाचं नसतं. 'उ. खांदा चार बोटं, गरम, दुखरी, सरकते, डा. खांदा दोन बोटं' असं लिहिलं तर पुढच्या भेटीला वाढली की कमी झाली ते कळतं, दुसरा डॉक्टर आला तरी कळतं.

जिथं चकवा बसतो

सगळ्यात आधी शब्दाचा चकवा. 'अंगावर गाठी आल्या' असं फोनवर सांगतात तेव्हा माणूस कातडीतल्या गाठींबद्दल बोलतोय की लसिका ग्रंथींबद्दल, हे विचारून घ्यावं लागतं. २०२२ च्या लम्पी या त्वचारोगाच्या साथीपासून हा घोटाळा फार वाढला. ओळखायला सोपं आहे. गाठीवरची कातडी चिमटीत धरून उचला. गाठ कातडीबरोबर वर आली तर ती कातडीतली. कातडी वर आली आणि गाठ खालीच राहिली तर ती लसिका ग्रंथी. लम्पीत दोन्ही असतात. तापाबरोबर खांद्यापुढच्या आणि मांडीपुढच्या गाठी सुजतात आणि एक-दोन दिवसांत अंगावर फोड उमटतात. म्हणून तापाच्या पहिल्या दिवशी गाठी मोठ्या लागल्या तर थायलेरियाचा शिक्का मारण्याआधी केस उलटे करून कातडी नीट बघा आणि दुसऱ्या दिवशीही बघा.

बैलाचं वेगळं. उन्हाळाभर मोकळा राहिलेला बैल पेरणीला एकदम जुंपला की खांदेसूज येते. ऊसतोडीला गेलेल्या बीडकडच्या बैलांत ती हंगामभर दिसते. जू घासून कातडी सोलवटते आणि तिच्या पाणलोटातली खांद्यापुढची गाठ फुगते. अशा बैलाला ताप नसतो किंवा बेताचा असतो, मांडीपुढची गाठ साधी असते. त्याला थायलेरियाचं महागडं इंजेक्शन देऊन काय होणार? जू बदला, जखम धुवा, विश्रांती द्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला लोणी-हळद लावताना हात तिथंच असतो. दोन बोटं आणखी पुढं नेऊन गाठही बघून घ्यावी, असं मी प्रत्येक घरी सांगतो.

मानेत टोचलेलं इंजेक्शन हाही मोठा चकवा. तेलातली लस किंवा एकाच जागी तीन दिवस टोचलेलं औषध यांनी त्या बाजूची गाठ वाढते. ताप परतून येणाऱ्या जनावराला तर आधीच दोन-तीन फेऱ्या झालेल्या असतात. म्हणून कोणत्या बाजूला टोचलं ते विचारा आणि पलीकडच्या गाठीवर जास्त भरवसा ठेवा.

एप्रिल-मेमध्ये, चारा नसलेल्या सालात, हाडं निघालेल्या जनावराची प्रत्येक गाठ मोठी वाटते. चरबी गेलेली असते, त्यामुळे ती नुसती उठून दिसते. तिचं माप घ्या, ती लांबट, थंड आणि सुटी असेल तर सोडून द्या. वासरांच्या गाठीही अंगाच्या मानाने मोठ्या असतात.

जबड्याखाली लोंबणारी मऊ सूज दिसली तर अंगठ्याने दाबून अर्धा मिनिट धरा. खड्डा पडून तसाच राहिला तर ते उतरलेलं पाणी आहे, गाठ नाही. धरणाच्या फुगवट्यात चरणाऱ्या जनावरांत लिव्हर फ्लूक (यकृतातले चपटे कृमी) आणि शेळ्या-मेंढ्यांत पोटातले रक्त पिणारे जंत ही त्याची नेहमीची कारणं.

एका ठिकाणी मात्र गाठी चाचपत बसू नका. पावसाळ्यात अचानक खूप ताप, गळ्याला गरम दुखरी सूज, जीभ बाहेर आणि श्वासाची घरघर असं दिसलं तर तो घटसर्प धरायचा. तिथं तासांचा हिशोब असतो, डॉक्टरला तेव्हाच्या तेव्हा बोलवा.

पुन्हा तापाकडे

आता समोर ताप परतलेली गाय आहे आणि हाताला गाठींचं ज्ञान आहे. संकरित जनावर, दोन्ही खांद्यांच्या गाठी मोठ्या आणि दुखऱ्या, ताप १०४ ते १०७, पापण्या फिक्या किंवा त्यांवर सुईच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके, आणि कासेच्या वर, कानात, शेपटीखाली गोचीड. एवढं जमलं की थायलेरियाच पहिल्या नंबरला धरायचा. आपल्याकडे तो थायलेरिया अन्युलाटा या परजीवीमुळे होतो आणि हायलोमा जातीची गोचीड तो पसरवते. देवणी आणि लाल कंधारी जनावरं त्याला बरीच तोंड देतात. एचएफ आणि जर्सी संकरित गायी कोलमडतात. बाहेरच्या बाजारातून आणलेली गाय दोन-तीन आठवड्यांत तापली तर मी हाच संशय आधी घेतो. लहान वासरात कधी कधी डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, तेही लक्षात ठेवा.

हा ताप पुन्हा का चढतो, ते मालकाला समजावून सांगितलं पाहिजे. तापाचं इंजेक्शन फक्त ताप उतरवतं, तेही काही तास. नेहमीचं प्रतिजैविक जीवाणूंवर चालतं. हा परजीवी लसिका पेशींच्या आत बसून त्या पेशींनाच वाढायला लावतो, म्हणून तर गाठ फुगते. तो तसाच राहतो आणि प्रत्येक फेरीत रक्त कमी करत जातो.

लाल किंवा कॉफीसारखी लघवी असेल आणि गाठी साध्या असतील तर बबेशियाकडे, म्हणजे गोचिडीतूनच येणाऱ्या, तांबड्या पेशी फोडणाऱ्या परजीवीकडे वळा. पाय आलटून पालटून लंगडणं, अंग आखडणं, गाठी साध्या किंवा किंचित जाणवणाऱ्या, आणि तीन दिवसांत कायमचा उतार, हा खरा तिवा. ताप येतो-जातो, गाठी बेताच्या वाढलेल्या, जनावर आठवडे-महिने खंगत चाललेलं, पाय सुजलेले, गोमाश्यांचा सुळसुळाट असेल तर सर्रा, म्हणजे गोमाश्यांतून पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग, विसरू नका. या सगळ्यांची औषधं वेगवेगळी आहेत. 'सगळ्यावर चालेल' म्हणून एकाच वेळी तीन औषधं टोचायची पद्धत पडली आहे, तिचा मला खरोखर राग येतो. पैसा मालकाचा जातो आणि आधीच खचलेल्या यकृतावर भार गायीच्या पडतो.

गाठीतून स्लाइड

संशय आला की स्लाइड घ्या, औषध देण्याआधी. मोठ्यात मोठी गाठ निवडा. केस कापा, स्पिरिटने पुसा आणि कातडी पूर्ण वाळू द्या, ओली राहिली तर पेशी फुटतात. डाव्या हाताने गाठ मागून पुढं ढकलून कातडीखाली घट्ट धरा. १८ किंवा २० गेजची सुई गाठीत घाला, दोन-तीन वेळा आत फिरवा, सिरिंजने हलकं ओढा. सुई काढण्याआधी ओढ सोडा, नाहीतर थेंब सिरिंजमध्ये वर जातो आणि स्लाइडवर काहीच येत नाही. थेंब स्लाइडवर उडवा आणि पातळ पसरवा. त्याच वेळी कानाच्या कडेच्या शिरेतून रक्ताची एक स्लाइड घ्या, कारण परजीवीची तांबड्या पेशींतली अवस्था तिच्यात दिसते.

हवेत वाळवून मिथेनॉलमध्ये पाच मिनिटं, मग जिम्सा रंगात अर्धा-पाऊण तास. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या लसिका पेशीच्या निळसर भागात जांभळट-लाल कणांचे पुंजके दिसतात. त्यांना कॉकचे निळे गोळे म्हणतात. ते दिसले की शंका राहत नाही. पहिल्या स्लाइडवर दिसले नाहीत तर रोग नाही असं मात्र म्हणू नका, दुसऱ्या गाठीतून पुन्हा घ्या.

ब्युपारव्हाक्वोनचं प्रमाण वजनाच्या दर किलोला अडीच मिलिग्रॅम, मानेच्या स्नायूत खोल. वजन डोळ्याने ठरवू नका, छातीच्या फितीने मोजा. कमी मात्रा पडली की पुन्हा तोच फेरा. टोचल्या जागी सूज येऊ शकते, म्हणून टोचायच्या आधीचं गाठींचं माप वहीत असलंच पाहिजे. पापण्या पांढऱ्या पडल्यावर दिलेलं औषध परजीवी मारतं, गेलेलं रक्त परत आणत नाही. ते वेगळं भरून काढावं लागतं.

आणि गोठा. ही गोचीड जनावराच्या अंगावरून उतरून दगडमातीच्या भिंतीच्या सांदीत, गव्हाणीच्या फटीत बसते. अंगावरची मारली आणि भिंत तशीच ठेवली तर पुढच्या गायीला तोच ताप येणार. फटी लिंपून चुना द्या, फवारणी भिंतीवरही करा. संकरित जनावरांसाठी थायलेरियाची लस मिळते, गाय विकत आणायच्या आधीच तिच्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

न दिसणारी गाठ, परतणारी पोटफुगी

तापासारखीच दुसरी परतून येणारी तक्रार पोटफुगीची. ओला घास नाही, पेंड नाही, तरी गाय दर दोन-चार दिवसांनी फुगते. नळी घातली की भस्सकन हवा निघते, गाय मोकळी होते, पुन्हा फुगते. अशा वेळी छातीतल्या, अन्ननलिकेला लागून असलेल्या लसिका ग्रंथी आठवा. त्या वाढल्या की अन्ननलिका दाबली जाते आणि ढेकर वर येत नाही. तिथं हात पोचत नाही, पण घशामागच्या गाठींना पोचतो. त्या कठीण, थंड, न दुखणाऱ्या लागल्या, सोबत जुना खोकला असेल आणि खाऊन-पिऊन जनावर वाळत चाललं असेल तर क्षयरोगाची कातडीतली चाचणी करून घ्या आणि तोवर त्या गायीचं दूध उकळल्याशिवाय घरातल्या कुणालाही देऊ नका.

शेळी, घोडा, कुत्रा

उस्मानाबादी शेळ्यांच्या कळपात कानाखाली, जबड्याखाली किंवा खांद्यापुढं न दुखणारी घट्ट गाठ येते, पिकते, फुटते, भरते आणि दोन महिन्यांनी पुन्हा येते. आतला पू घट्ट, पिवळट-हिरवट, चक्क्यासारखा. हा केसिअस लिम्फाडेनायटिस, जीवाणूंचा रोग. गाठ गोठ्यात फोडू नका. तो पू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि बाकीच्या शेळ्यांच्या बारीक जखमांतून आत शिरतो. कळप वर्षानुवर्षं त्यातून सुटत नाही तो यामुळेच. शेळी वेगळी बांधा, पू कागदावर घेऊन जाळा, हातमोजे घाला, माणसालाही तो लागू शकतो. दुधावरच्या पिलांच्या गळ्यात मऊ फुगवटा दिसतो तो बऱ्याचदा थायमस या लहानपणीच्या ग्रंथीचा असतो, वय वाढलं की जातो. त्यात सुई घालू नका.

माळेगावच्या यात्रेहून आणलेल्या घोड्याच्या जबड्याखाली गाठ आली तर दोन शक्यता. शिंगराला ताप, नाकातून पू आणि गरम दुखरी गाठ असेल तर स्ट्रँगल्स, हा घोड्यांचा जीवाणूंचा रोग. गाठ कठीण, हाडाला चिकटल्यासारखी, एका नाकपुडीतून चिकट स्राव, पायावर माळेसारखे फोड असतील तर ग्लँडर्स या दुसऱ्या जीवाणूजन्य रोगाचा संशय घ्या. तो माणसाचा जीव घेऊ शकतो. हात न लावता घोडा वेगळा करा आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवा. २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याने ते बंधनकारकच आहे.

कुत्र्याची गुडघ्यामागची गाठ दोन बोटांत सहज येते, शिकायला तीच सर्वात सोपी. सगळ्याच गाठी मोठ्या असतील तर गोचिडीतून येणारा एर्लिकिया हा जीवाणू आणि लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, दोन्ही तपासा.

औषधानंतर

तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा हात घाला. ताप आधी उतरतो, गाठ मागून. दुखणं जातं, गरमपणा जातो, मग आकार कमी होतो. ताप गेला पण गाठ तिसऱ्या दिवशी आणखी वाढलेली लागली तर मी थांबत नाही, पुन्हा स्लाइड घेतो. दोन-तीन आठवड्यांनंतरही कठीण राहिलेली, वाढत जाणारी गाठ परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवावी.

स्लाइड तिकडे पाठवायची असेल तर मिथेनॉलमध्ये बसवून, वाळवून पाठवा. टोकाला पेन्सिलने मालकाचं नाव, तारीख आणि कोणत्या बाजूची कोणती गाठ ते लिहा. दोन स्लाइडांमध्ये काडी ठेवून त्या काडेपेटीत बांधा. गाठीचा तुकडाही फॉर्मलीनमध्ये पाठवत असाल तर ती बाटली वेगळ्या पिशवीत ठेवा. फॉर्मलीनच्या वाफेने स्लाइडवरच्या पेशी नीट रंग घेत नाहीत आणि चांगला नमुना वाया जातो.